तुळजापूर घाटात काटा खाली आला आणि इंजिन गेलं: डिझेल पिकअपला जादा मीटर बसवायचेत

गाठीवाला · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. घरची एक डिझेल पिकअप आहे. २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरचं टर्बो कॉमन रेल इंजिन. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरायच्या आणि लातूर, बीडकडे पोचवायच्या हा आमचा धंदा. हिवाळ्यात कांदा जोरात असला की मार्केट यार्डाच्या खेपा. गाडी मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून चालवतो.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन, ऊन ४३ डिग्री, गाडी फुल लोड. तामलवाडी सोडली तेव्हा पाण्याचा काटा नेहमीसारखा मधोमध. तुळजापूरचा घाट लागला आणि काटा चढायला लागला. मी पाय थोडा कमी केला, काचा उघडून हीटर चालू केला. अर्ध्या घाटात काटा आपोआप खाली आला. मला वाटलं, इंजिन निवलं. तसाच वर चढवत गेलो. माथ्याच्या अलीकडे गाडीचा दमच गेला, मागून पांढरा धूर, आणि इंजिन बंद. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा होज फाटलेला आणि आत पाण्याचा थेंब नाही.

हेड वाकलं होतं. फेसिंग, गॅसकेट, होज, मजुरी धरून ४२ हजार गेले आणि गाडी ११ दिवस उभी. मेस्त्रींनी एकच वाक्य सांगितलं ते डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, "तो सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गेलं की तो कोरडा पडतो, आणि काटा खाली येतो." म्हणजे मी ज्याला निवणं समजलो, ते पाणी संपणं होतं.

आता पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. पाण्याचं तापमान, ऑईल प्रेशर, बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) आणि एक्झॉस्टचं तापमान, असे चार खरे मीटर बसवायचा विचार आहे. आधी कोणता घ्यावा, कुठून जोडावा, काय चुकतं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.


हुमनाबादलाईन · सोमवार, रात्री १०.१५

भाऊ, वाचून वाईट वाटलं. मी नळदुर्ग, उमरगा, हुमनाबादमार्गे हैदराबाद लाईनवर १४ वर्षं आहे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या रोज दिसतात.

माझं मत, मीटरच्या आधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक. आपल्याकडच्या उन्हात त्याचं काही काम नाही. माझ्या मागच्या दोन गाड्या बिगर थर्मोस्टॅटच्याच चालल्या.


सातरस्ता_वायरमन · सोमवार, रात्री ११.०५

हुमनाबादलाईन मामा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, हा सल्ला सगळ्या इंजिनांना लागू पडत नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून दुसरी चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते, मग सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो. अर्धं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं आणि भर घाटात गाडी आणखी तापते. शिवाय कॉमन रेल गाडीत पाणी ८० च्या पुढे गेलं नाही तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिन थंड आहे असंच धरून चालतो आणि जास्त डिझेल सोडतो. खराब झाला असेल तर नवा टाका, पण जागा रिकामी ठेवू नका.

आता गाठीवाला दादा, तुमच्याकडे वळतो. मी सात रस्त्याजवळ २० वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. क्रम असा ठेवा: पहिला पाणी, दुसरा ऑईल प्रेशर, तिसरा बूस्ट, शेवटी एक्झॉस्ट. तुमची गाडी कंपनीच्या ट्यूनवर आहे, त्यामुळे एक्झॉस्टचं तापमान सहसा हाताबाहेर जात नाही. रिमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या गाडीला मात्र तो मीटर पहिल्या नंबरावर.

कंपनीच्या काट्याविषयी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. तो मुद्दाम आळशी केलेला असतो. साधारण ८० पासून १०० च्या पुढेपर्यंत तो मधेच उभा राहतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. तो हलतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. ऑईलच्या दिव्याचंही तसंच. तो दिवा प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. गरम इंजिन आयडलला साधारण एक बार आणि पळताना दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय (साधारण ०.७ बार), हा जुना अंदाज आहे. दोन हजार आरपीएमला प्रेशर एक बारवर आलं तरी दिवा विझलेलाच राहील आणि बेअरिंग मात्र घासत असतील.

पाण्याच्या सेन्सरला दोन जागा आहेत. हेडवरच्या आउटलेटला मोकळा प्लग असेल तर उत्तम. नसेल तर वरचा होज कापून मधे ॲल्युमिनियमचा ॲडॉप्टर घालतात. हा ॲडॉप्टर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असतो, त्याला बॉडी अर्थ, म्हणजे मायनसची जोडणी, मिळतच नाही. त्याला वेगळी अर्थची वायर द्यावी लागते. हे विसरून "मीटर खराब निघाला" म्हणून परत आणणारे दर महिन्याला दोघं तरी येतात.

आणि सर्वात महत्त्वाचं: तुमच्या बाबतीत जे झालं ते नव्या मीटरलाही होईल. पाणी गेलं तर नवा सेन्सरही कोरडाच पडणार. म्हणून पाण्याच्या मीटरसोबत रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाणी-पातळीचा सेन्सर आणि बझर बसवा. पाणी खाली गेलं की बझर वाजतो, काट्याच्या आधी.


बार्शीकर_पुण्यात · मंगळवार, सकाळी ७.३०

भोकं पाडण्याआधी एक स्वस्त मार्ग बघा. गाडीला ओबीडीचं (ईसीयूची तपासणी करायचं) सॉकेट असेल तर ब्लूटूथचा छोटा रीडर लावून मोबाईलवर ईसीयूतलेच आकडे दिसतात. पाण्याचं तापमान डिग्रीत, इनटेकचा दाब किलोपास्कलमध्ये. आळशी काट्यामागचा खरा आकडा ईसीयूला माहीत असतोच.

बूस्ट वाचताना एक हिशेब मात्र करावा लागतो. तिथे दिसतो तो एकूण दाब, हवेचा धरून. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इंजिन बंद असताना १०० नाही, ९६ च्या आसपास दिसेल. गाडी ओढत असताना २०० दिसलं तर त्यातून ९६ वजा करा, म्हणजे बूस्ट १०४ किलोपास्कल, साधारण एक बार. हे न कळल्यामुळे पुष्कळ जण "माझी गाडी दोन बार बूस्ट देते" असं लिहितात.

तोटे असे. ऑईल प्रेशर तिथे सहसा मिळत नाही, कारण बहुतेक गाड्यांत ऑईलला फक्त चालू-बंद स्विच असतो, मोजणारा सेन्सर नसतो. आकडे थोडे उशिरा येतात. आणि रीडर रात्रभर लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू पितो.


डाळिंबबाग · मंगळवार, सकाळी ९.१०

नमस्कार. मी सांगोल्याजवळची. आमच्या बागेचं डाळिंब मी स्वतः पिकअपमधून सोलापूरला आणते. आमची गाडी बीएस-६, वॉरंटी अजून दीड वर्ष आहे. एक्झॉस्टचा मीटर आम्हीही लावावा का? कधी कधी गाडी उभी केली की खालून खूप गरम वास येतो, पंखा चालूच राहतो. मनात भीती बसली आहे.


बार्शीकर_पुण्यात · मंगळवार, सकाळी ९.४५

ताई, घाबरू नका, पण त्या मीटरसाठी मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या पाईपला) भोक अजिबात पाडू नका. वॉरंटी जाईल. बीएस-६ पिकअपमध्ये एक्झॉस्टला डीपीएफ असेल, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की ईसीयू थोडं जास्त डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. त्यावेळी जाळीत ६०० डिग्रीच्या आसपास तापमान जातं. तुम्हाला येणारा वास आणि चालू राहणारा पंखा बहुधा त्याचाच. बाजारात छोट्या छोट्या फेऱ्या जास्त झाल्या की हे वारंवार होतं. आठवड्यातून एकदा पंढरपूर किंवा मोहोळपर्यंत सलग अर्धा-पाऊण तास एका चालीत गाडी पळू द्या. आणि वास येत असताना गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करू नका, हे खरंच महत्त्वाचं आहे. तुमच्यासाठी ओबीडी रीडरच योग्य. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर मात्र वाट बघत बसू नका, सर्व्हिसला दाखवा.


डाळिंबबाग · मंगळवार, सकाळी १०.०२

कडब्याचं बरं सांगितलंत. आमच्या गोठ्याशेजारी गंजी आहे आणि गाडी रोज तिथेच लागते. आजपासून जागा बदलते.


लेथ_अक्कलकोटरोड · मंगळवार, रात्री ८.३०

एक्झॉस्टच्या मीटरविषयी मी बोलतो, कारण ते काम शेवटी आमच्याकडेच येतं, आणि बहुतेक वेळा बिघडवून आणलेलं असतं.

प्रोब (तापमान मोजणारी सळई) टर्बोच्या आधी बसवायचा की नंतर, हा पहिला प्रश्न. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, पिस्टनवरून आलेला खरा गॅस मिळतो. टर्बोच्या नंतर गॅसची बरीच उष्णता टर्बाईन फिरवण्यात खर्च झालेली असते, त्यामुळे लोडवर आकडा शंभर-दोनशे डिग्रीनं कमी दिसतो, आणि हा फरक कायम सारखाही राहत नाही. म्हणून आधीच बसवावा. टर्बोच्या आधी ७०० डिग्रीच्या वर सलग गाडी ओढू नये, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. ऑईलचा फवारा पिस्टनला खालून गार ठेवतो म्हणून तो टिकतो.

भोकाचं काम. प्रोबला सहसा एकअष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, त्यासाठी साडेआठ-पावणेनऊ मिलीचं ड्रिल. कास्टिंगचा चुरा टर्बोत गेला तर पाती कापली जातात. काही जण ड्रिलला ग्रीस लावून गाडीवरच भोक पाडतात, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो. काही जण इंजिन चालू ठेवून पाडतात, म्हणजे गॅस चुरा बाहेर फेकतो. मी दोन्ही करत नाही. टर्बो किंवा मॅनिफोल्ड उतरवतो, टेबलावर ड्रिल करतो, टॅप मारतो, हवेनं साफ करतो. दोन तास जास्त जातात, पण टर्बोची किंमत बघितली तर ते दोन तास काहीच नाहीत.

तुमचं हेडचं काम आत्ताच झालंय. मॅनिफोल्ड खाली असतानाच हे होऊन गेलं असतं. आता परत कधी टर्बोची गॅसकेट बदलायला उतरवाल तेव्हा आणा.

आणि आट्यांबद्दल कान देऊन ऐका. बाहेरून येणाऱ्या मीटरच्या सेन्सरला पुष्कळदा एनपीटी आटे असतात. आपल्या इंजिनांच्या ऑईल स्विचला बऱ्याचदा बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) किंवा मिलीचे आटे. एकअष्टमांशमध्ये एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० डिग्रीचा कोन, बीएसपीटीला २८ आटे आणि ५५ चा कोन. दिसायला जुळे भाऊ. दोन-अडीच फेरे छान बसतात, मग घट्ट होतात, आणि माणूस समजतो की बसलं. गरम ऑईल चार बारनं आलं की तिथून गळायला लागतं. आटे-गेज लावल्याशिवाय काही फिरवू नका.


सातरस्ता_वायरमन · मंगळवार, रात्री ९.००

लेथवाले भाऊंचं बरोबर. त्यात माझी भर: एक्झॉस्टच्या प्रोबची वायर ही साधी वायर नाही. तो के-टाईप थर्मोकपल असतो, दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा. दर डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट इतकं बारीक व्होल्टेज तयार होतं आणि मीटर ते वाचतो. वायर कमी पडली म्हणून मधे तांब्याची वायर जोडली की घोटाळा. जोड बॉनेटखाली ८० डिग्रीत आणि मीटर केबिनमध्ये ४० डिग्रीत असेल, तर मीटर खऱ्यापेक्षा ४० डिग्री कमी दाखवणार. म्हणजे नेमकं उन्हाळ्यात, लोडवर, तो खोटा दिलासा देणार. के-टाईपचीच एक्स्टेंशन वायर वापरा. वायरचे रंग देशागणिक वेगळे असतात, म्हणून छोटं चुंबक जवळ ठेवा: जी तार चुंबकाला चिकटते ती मायनस.


गाठीवाला · रविवार, दुपारी ४.२०

मंडळी, पहिला टप्पा झाला. पाणी, पातळीचा बझर, ऑईल आणि बूस्ट. एक्झॉस्ट मागे ठेवलं.

ऑईलचं सांगतो. ऑईल स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) जोडायचा होता. दुकानदार म्हणाला, सगळं एकच असतं. लेथवाले भाऊंचं आठवलं म्हणून टी आणि स्विच दोन्ही घेऊन त्यांच्याकडे गेलो. गेज लावला तर टी एनपीटी आणि ब्लॉक बीएसपीटी निघाला. त्यांनी पितळेचा नवा ॲडॉप्टर करून दिला. तिथे न जाता घरीच पाना फिरवला असता तर लातूरच्या रस्त्यावर ऑईल सांडत गेलो असतो. भाऊ, मनापासून आभार.

त्यांनी आणखी एक सुचवलं. सेन्सर जड असतो, तो टीवर थेट लटकवला तर डिझेलच्या थरथरीनं टीच्या मानेला चीर जाते. म्हणून ब्लॉकपासून छोटा प्रेशर होज काढून सेन्सर बॉडीवर पट्टीनं बसवला. बॉडीवर असल्यामुळे त्याला वेगळी अर्थ दिली.

बूस्टसाठी टर्बोच्या ॲक्चुएटरच्या नळीत टी घालायचा सल्ला एकानं दिला होता. वायरमन भाऊंनी फोनवर नको म्हटलं. तिथली जोडणी सुटली तर ॲक्चुएटरला दाब पोचत नाही, वेस्टगेट (जादा गॅस टर्बोला टाळून सोडणारी झडप) उघडत नाही आणि बूस्ट वाढतच जातो. म्हणून इंटरकूलरनंतरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीनंतरचा) ॲल्युमिनियमचा पाईप उतरवून त्याला बॉस (सेन्सरसाठी आट्यांचा तुकडा) वेल्ड करून घेतला, आतून घासून धुतला आणि सेन्सर त्यात बसवला. केबिनमध्ये नळी नाही, फक्त वायर.

आता अडचण. दिवसा सगळं छान. संध्याकाळी हेडलाईट लावले की पाण्याचा आकडा ८८ वरून ९५ वर उडी मारतो. लाईट बंद केले की परत ८८. ऑईलचाही काटा थोडा हलतो. काय असेल?


सातरस्ता_वायरमन · रविवार, संध्याकाळी ६.३०

मीटरचा अर्थ कुठे जोडलाय? डॅशबोर्डच्या मागच्या एखाद्या स्क्रूला?


गाठीवाला · रविवार, संध्याकाळी ६.४१

हो, रेडिओच्या पट्टीच्या स्क्रूला.


सातरस्ता_वायरमन · रविवार, संध्याकाळी ७.१५

तेच. एका वायरच्या सेन्सरला अर्थ इंजिन ब्लॉककडून मिळतो आणि मीटरला डॅशच्या पत्र्याकडून. हेडलाईटचा आठ-दहा अँपियर करंट त्याच पत्र्यातून परत जातो, गंजलेल्या जोडांमुळे थोडा व्होल्ट तिथेच पडतो, आणि मीटर तो फरक तापमान समजून दाखवतो. सगळ्या मीटरचे अर्थ एकत्र करा आणि एकच जाड वायर थेट इंजिन ब्लॉकवर किंवा बॅटरीच्या मायनसला न्या. बॅटरी-बॉडी आणि इंजिन-बॉडी या दोन्ही पट्ट्या सोडून, घासून पुन्हा आवळा. सात-आठ वर्षांच्या गाडीत त्या हमखास हिरव्या पडलेल्या असतात.

प्लस कुठून घेतलाय तेही सांगा. चावीनं चालू होणारा पाहिजे, फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅप लावून, तीन अँपियरचा वेगळा फ्यूज. ईसीयूच्या कुठल्याही सेन्सरची वायर सोलून त्यात जोड देऊ नका. त्या पाच व्होल्टच्या बारीक लाईनी असतात. त्यात हात घातला तर गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कमी करून चालायच्या अवस्थेत) जाते आणि महिनाभर कारण सापडत नाही. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट घातलाय ना? पत्र्याची कड दोन पावसाळ्यांत इन्शुलेशन कापते.


जुनापुणेनाका · रविवार, रात्री ८.१०

मीटर बसवले कुठे? माझ्या मित्रानं पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर पॉड (मीटरची डबी) लावला आणि वळणावर समोरून येणारी मोटरसायकलच दिसेना.


गाठीवाला · रविवार, रात्री ८.२५

स्टिअरिंगच्या उजवीकडे, डॅशच्या वर, बुटका पॉड. काचेच्या खालच्या कडेच्या वर येत नाही. आमच्या गाडीला खांबात एअरबॅग नाही, पण ज्यांच्या गाडीला पडद्याच्या एअरबॅग आहेत त्यांनी खांबावर पॉड लावूच नये. एअरबॅग फुटली की तो पॉडच अंगावर येतो.

भाऊ, प्लस फ्यूज टॅपवरूनच आहे, ग्रोमेट घातलाय. अर्थ उद्या करतो.


गाठीवाला · मंगळवार, रात्री १०.००

अर्थ ब्लॉकवर नेला. दोन्ही पट्ट्या खरंच हिरव्या होत्या, घासून लावल्या. आता हेडलाईट, वायपर, पंखा सगळं एकदम लावलं तरी आकडा हलत नाही.


हुमनाबादलाईन · बुधवार, सकाळी ६.५०

शाब्बास. मीही मेस्त्रीकडे जाऊन थर्मोस्टॅट परत बसवून घेतला. वायरमन भाऊंनी सांगितलेली खालची चकती माझ्या इंजिनात होती. परवाच्या खेपेत उमरग्याच्या चढाला नक्की फरक जाणवला. काढून टाकायचा सल्ला मी पुन्हा कुणाला देणार नाही.

एक विचारतो, रेडिएटरमध्ये पाणी कोणतं घालता? आमच्याकडे बोअरचं.


लेथ_अक्कलकोटरोड · बुधवार, सकाळी ९.१५

मामा, बोअरचं पाणी बंद करा. आपल्याकडचं पाणी जड आहे. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच हेडच्या आतल्या वाटांमध्ये बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. वर्षभर बोअरचं पाणी घातलेलं हेड कापून दाखवलं तर तुम्ही पुन्हा घालणार नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आणि कॅप तपासा. सोलापूरच्या उंचीवर उघडं पाणी ९८-९९ लाच उकळतं. एक बारची चांगली कॅप असली की तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की तो सगळा फायदा गेला. शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे.


गाठीवाला · महिन्याभरानंतर, शनिवार, रात्री ९.३०

धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

टर्बोची गॅसकेट फुंकायला लागली होती, म्हणून टर्बो उतरवावाच लागला. त्याच वेळी लेथवर मॅनिफोल्डला भोक पाडून एक्झॉस्टचा प्रोब बसवला. के-टाईपची वायर पुण्याहून मागवली, चुंबक लावून मायनस ओळखली.

वायरमन भाऊंनी एक काम लावलं होतं: पहिले पंधरा दिवस नुसतं बघायचं नाही, लिहायचं. गाडी ठीक असताना तिचे आकडे काय, ते माहीत नसेल तर बिघडल्यावर काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. मी आणि भावानं सन व्हायझरला वही बांधली. आमच्या गाडीचे आकडे असे. सकाळी थंड स्टार्टला ऑईल साडेचार बार. गरम आयडलला सव्वा. दोन हजारला तीन. पाणी हायवेला ८६ ते ९०. बूस्ट फुल लोडवर १.१ बार. एक्झॉस्ट सपाट रस्त्यावर ताशी ७० ला ३८० ते ४२०.

घाटानं मात्र डोळे उघडले. तिसऱ्या गिअरला, १५०० आरपीएमवर, पाय पूर्ण दाबून चढवलं तर एक्झॉस्ट ६६० आणि पाणी ९९. त्याच चढाला, तितक्याच वजनानं, आधीच दुसरा टाकून २५०० वर पाऊण पायानं चढवलं तर एक्झॉस्ट ५६० आणि पाणी ९३. वेग जवळजवळ तोच. इंजिन ओरडतं म्हणून आम्ही इतकी वर्षं वरचा गिअर धरून ठेवत होतो. खरं तर आरपीएम वाढला की पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतात, हवा जास्त येते आणि दर फेऱ्याला डिझेल कमी लागतं. मे महिन्यात होज फाटला हे खरं, पण त्याच्या आधी कित्येक खेपांना मीच तिला तिसऱ्यात रडवत होतो. भावाला आता घाट लागण्याआधीच दुसरा टाकायची सवय लागली आहे.

माथ्यावर देवीच्या कमानीकडे वळण्याआधी गाडी लगेच बंद करत नाही. एक्झॉस्ट २०० च्या खाली येईपर्यंत आयडलला ठेवतो. कधी एक मिनिट लागतं, कधी तीन. टर्बोतलं ऑईल जळू नये म्हणून घड्याळ बघून थांबण्यापेक्षा हे बरं.


सातरस्ता_वायरमन · शनिवार, रात्री १०.०५

दादा, आकडे वाचून समाधान झालं. ९९ हा आकडा थोडा वरचा आहे. पंख्याचं कपलिंग आणि रेडिएटरच्या जाळ्या एकदा बघून घ्या. टॉवेलच्या गोदामात गाडी उभी असते ना? सुताचा बारीक कापूस जाळीत बसतो. मागच्या बाजूनं हवा मारून काढा, समोरून मारला तर आत घट्ट बसतो.


गाठीवाला · पुढचा गुरुवार, रात्री ९.५०

भाऊ, खरंच कापूस निघाला. मूठभर. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखा बसला होता. काढल्यावर घाटात पाणी ९१.

आज दुसरी गोष्ट झाली, ती भावानं पकडली. बीडहून परत येताना तो फोनवर म्हणाला, "दादा, बूस्ट ०.७ च्या वर जाईना, आणि एक्झॉस्ट सपाटीला ५०० दाखवायलंय. मागं काळा धूर आहे." गाडी ओढत होती, डॅशवर एकही दिवा नव्हता. वहीतले आकडे नसते तर त्यानं तशीच सोलापूरला आणली असती. मी त्याला पाय हलका ठेवायला सांगितलं. तो तुळजापूरला थांबला, इंजिन निवल्यावर इंटरकूलरच्या होजवर हात फिरवला. क्लँपच्या खालीच बोटभर चीर होती, आणि भोवती ऑईलचा ओला डाग. मोजून घेतलेली हवा तिथूनच बाहेर जात होती आणि डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबानं पडत होतं.

होज चिरेच्या अलीकडे कापून, क्लँप पुढे सरकवून तो घरी पोचला. बूस्ट परत १.१. नवा होज उद्या घेतो.


डाळिंबबाग · शुक्रवार, सकाळी ८.४०

दादा, तुमच्या भावाचं कौतुक वाटलं. मी रीडर घेतला आहे आणि तुमच्यासारखी वही घातली आहे. डीपीएफचं जळणं कधी चालू होतं, तेही आता कळतं. पाणी-पातळीचा बझर वॉरंटीतल्या गाडीला चालेल का?


सातरस्ता_वायरमन · शुक्रवार, सकाळी ९.२०

ताई, रेडिएटरला भोक न पाडता बसतो. एक्सपान्शनच्या प्लास्टिक बाटलीला बाहेरून चिकटवायचा सेन्सर मिळतो, वायरिंग स्वतंत्र फ्यूजवर घेतलं की कंपनीच्या वायरला हात लागत नाही. मात्र वरची टाकी आणि ही बाटली वेगळी असेल तर बाटलीत पाणी असून रेडिएटर रिकामा असू शकतो. तुमच्या गाडीची बाटलीच प्रेशरची आहे का ते बघा, म्हणजे तिलाच दाबाची कॅप आहे का. असेल तर काम झालं. डाळिंब घेऊन याल तेव्हा गाडी दाखवा, इंजिन थंड असताना. कॅप गरम असताना उघडू नका.


डाळिंबबाग · शुक्रवार, सकाळी ९.३१

कॅप बाटलीलाच आहे. सोमवारी पहाटेची खेप आहे, माल उतरवून दहापर्यंत येते.